आडवी लाकडं

निलगिरीची ती दोन झाडं सातुर्निनोनं स्वतः तोडली. गावात कुऱ्हाडी पुष्कळ होत्या, पण त्याच्यासारखा घाव कुणाचा बसत नसे. खालच्या वळणावर, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला ओढ्याची दरी, तिथं त्यानं ती रस्त्यावर आडवी पाडली. फांद्या छाटल्या, बुंध्यांना दगडांची अडण लावली आणि घोंगडीनं मान पुसत म्हणाला, "आता लिमाचा ताप हितनं वर येऊन दाखवू दे."

लोक हसले. मार्च सरत आला होता. रेडिओवर करोनानं मेलेल्यांचे आकडे रोज सांगत. रूमीपाता गावातली शाळा बंद, रविवारचा बाजार बंद, चर्चला कुलूप. भेटल्यावर हातात हात द्यायची रीतसुद्धा मोडली. माणसं कोपराला कोपर लावत आणि ओशाळून हसत. तिकडं राजधानीत, लिमात, कामं थांबली होती. गावोगावची पोरं तिथून पायी निघाली होती, आठ-आठ, दहा-दहा दिवस डोंगर चढत.

सभा मैदानात भरली. चार-चार हात सोडून लोक गवतावर बसले. गावचा अध्यक्ष कांतो म्हणाला, "परक्याला न्हाई सोडायचं, ते ठरलं. पण आपलीच पोरं आली तर?"

 सातुर्निनो उठला. टोपी काढून छातीशी धरली.

"आपलं-परकं करत बसलो तर मढं उचलायला माणूस उरणार न्हाई," तो म्हणाला. "माझं सख्खं आलं तरी मी सोडणार न्हाई."

बायकांच्या घोळक्यात बसलेल्या त्याच्या बायकोनं, दोमितिलानं, मान वर करून त्याच्याकडं बघितलं. त्यांची एकुलती लेक नेलिदा लिमात एका वकिलाच्या घरी राहून घरकाम करायची. मालकीण सोडत नाही, खाऊनपिऊन बरी आहे, असा तिचा निरोप होता. सातुर्निनोला बोलायला काय जात होतं?

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी पहाऱ्याची पाळी सातुर्निनो आणि म्हाताऱ्या माउरोची होती. ऊन डोक्यावर आलं तेव्हा वळणावर दोन माणसं दिसली. पुढच्या गड्याच्या पाठीवर पातेली आणि गादीची वळकटी. मागच्या बाईचा एक हात कमरेवर, दुसरा पोटाखाली.

"धर्मबाबा, मी हाय. विल्बेर," गडी लांबूनच ओरडला आणि तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

विल्बेर म्हणजे सातुर्निनोचा सोयरा अन्सेल्मो याचा मुलगा. बाप्तिस्म्याच्या वेळी सातुर्निनोनंच त्याला हातावर धरला होता. बाई त्याची बायको, योवाना. आठवा सरून नववा लागला होता. पाय असे सुजले होते की चपलेचे पट्टे मांसात रुतले होते. ती दगडावर बसली आणि बसल्यावर तिला बोलताच येईना.

"फडकं वर घे," सातुर्निनो म्हणाला.

"घेतो. धर्मबाबा, आम्हाला न्हाई काही झालं. ताप न्हाई, खोकला न्हाई. हात लावून बघा."

"हात लावायचाच न्हाई, तेच तर ठरलंय."

"मग मला नका सोडू. हिला तेवढं सोडा. हिच्याच्यानं आता एक पाऊल निघत न्हाई."

कुणीतरी वर जाऊन सांगितलं असणार. अन्सेल्मो शेतातून तसाच पळत आला, हातात कुदळ, गुडघ्यापर्यंत माती. लाकडांपाशी येऊन थांबला.

"सोयरे," तो धापा टाकत म्हणाला, "बाजूला हो. माझी सून हाय ती."

सातुर्निनोनं कमरेचा आसूड सोडला. पहारेकऱ्याला गावानं दिलेला, वेणी घातलेल्या कातड्याचा. कुणावर उगारला नाही. आडव्या लाकडावर एकदा ओढला. साल निघून उडाली. योवाना दचकली आणि तिनं दोन्ही हात पोटावर घेतले.

"एकाला सोडलं की धाजणांना सोडावं लागंल," सातुर्निनो म्हणाला. "सभेत तूही हात वर केला व्हतास."

अन्सेल्मोनं केला होता.  त्यानं खिशात हात घातला, भाजलेल्या मक्याचे मूठभर दाणे होते ते विल्बेरनं पाठीवरून उतरवलेल्या एका पालथ्या पातेल्यावर ठेवायला पुढं वाकला, आणि सातुर्निनो म्हणाला, "भुईवर ठेव. ते उचलतील."

त्यानं भुईवर ठेवले. विल्बेरनं बायकोला काखेत धरून उठवलं. दोघं आलेल्या वाटेनं खाली उतरले. उतरणीवर पातेली वाजत राहिली.

पाचव्या दिवशी नगरपालिकेचा माणूस तांदळाची पोती घेऊन लाकडांपर्यंत आला. पोती देता देता त्यानंच सांगितलं. खालच्या नदीच्या पुलाखाली बाई बाळंत झाली. मुलगी होती, दोन दिवस जगली. आता नवरा-बायकोला तालुक्याच्या मैदानात तंबूत ठेवलंय. पोतं अन्सेल्मोच्या पाठीवर होतं. त्यानं ते खाली ठेवलं. थोडा वेळ उभा राहिला. परत पाठीवर घेतलं आणि चढण चढू लागला.

मे महिन्यात बटाट्याचे वेल सुकले आणि काढणी आली. रूमीपातात काढणी सावडीनं होते. आज तुझ्या शेतात आठ माणसं, उद्या माझ्या. सातुर्निनो आणि दोमितिला सहा घरांच्या शेतात राबून आली. कुदळ हाणून हाणून सातुर्निनोच्या तळहाताची कातडी सोलवटली. दोमितिला दिवसभर वाकून वेचायची आणि संध्याकाळी सरळ होताना भिंतीला धरायची. अन्सेल्मोच्या शेतात मात्र त्यांना कुणी बोलावलं नाही.

त्यांच्या शेताची पाळी येणार, त्याच्या आदल्या दिवशी नेलिदा आली.

पहाऱ्यावर सातुर्निनोच होता. वळणावरची पोरगी त्यानं आधी ओळखली नाही. पिवळ्या रंगाचं बाईमाणसाचं जाकीट, एका पायात बूट, दुसऱ्या पायाला चिंध्या. केस धुळीनं पांढरे. लाकडांच्या पलीकडं ती उभी राहिली आणि म्हणाली, "बा."

त्याच्या तोंडातला कोकाच्या पानांचा चोथा तसाच गालात राहिला.

"मालकिणीला वास येईना झाला," ती म्हणाली. "म्हणाली, मीच बाजारातनं आणलं. सकाळी माझी पिशवी दारात ठेवली. अकरा दिवस चालत्ये, बा. मला काही न्हाई. त्यांच्याच पोराला ताप व्हता. मला न्हाई."

सातुर्निनोनं मागं बघितलं. बातमी त्याच्या आधी गावात पोचली होती. वरच्या बांधावर दहा-बारा माणसं उभी होती, तोंडं बांधलेली. त्यांतून अन्सेल्मो खाली आला. निवांत चालत आला. लाकडाच्या अलीकडच्या टोकावर बसला, पिशवीतून कोकाची पानं काढली आणि एकेक निवडू लागला.

"दमली हो पोर," तो म्हणाला. "आता काय करणार, सोयरे?"

 सातुर्निनो लेकीला म्हणाला, "ओढ्याच्या अंगाला आपला मेंढवाडा हाय. तिथं ऱ्हा पंधरा दीस. आई भाकरतुकडा आणून लांब ठेवंल."

अन्सेल्मोनं हातातलं पान खाली ठेवलं.

"मेंढवाडा," तो म्हणाला. "चांगली जागा हाय. छप्पर हाय, वारा लागत न्हाई. माझ्या सुनेच्या वेळी तुला आठवला न्हाई का रं तो?"

बांधावर कुणी खोकलं, आणि सगळ्यांनी तिकडं वळून बघितलं. अध्यक्ष कांतो वरूनच ओरडला, "मेंढवाडा गावाच्या शिवंत येतो, सातुर्निनो. शिवंभायेर म्हंजे शिवंभायेर."

"ऐकलंस?" अन्सेल्मो म्हणाला.

नेलिदाला काहीच कळत नव्हतं. ती एकदा बापाकडं, एकदा अन्सेल्मोकडं बघत होती. लहानपणी ती त्याच्याच खांद्यावर बसून जत्रेला जायची. "काका," ती त्याला म्हणाली, "काय झालंय?"

अन्सेल्मोनं तोंड फिरवलं.

"वर खिंडीत खाणीची जुनी शेड हाय," सातुर्निनो म्हणाला.  "पत्र्याची. तिथं जा."

"बा, तिथं चार तास चढण हाय."

"जा म्हणतो ना!" तो ओरडला आणि आसुडाच्या मुठीवर हात गेला. बाहेर मात्र काढला नाही.

ती रडली नाही. पिशवीतून दुसरा बूट काढून पायात घालायला लागली, पण पाय आत जाईना. मग दोन्ही बूट गळ्यात अडकवले आणि कड्याच्या अंगानं वर निघाली.

दोमितिलाला कळलं तेव्हा ती चुलीपुढं होती. तिनं चुलीतली लाकडं बाहेर ओढून विझवली. अंथरुणातली जाड घोंगडी, पातेलं, उकडलेले बटाटे, मीठ, काडेपेटी, सगळं चादरीत बांधून पाठीला मारलं.

"उद्या काढणी हाय," सातुर्निनो दारात येऊन म्हणाला.

"असू दे."

"एकदा गेलीस तर परत येऊ देणार न्हाईत."

"कोण? तूच की पहाऱ्यावर."

ती लाकडांपर्यंत आली. परकर गोळा करून त्यांच्यावर चढली. छाटलेल्या फांदीच्या खुंटात तिचा परकर अडकला. सातुर्निनो सोडवायला पुढं झाला. तिनं हिसका देऊन कापड फाडलं आणि पलीकडं उतरली.

दुसऱ्या दिवशी शेतात कुणी आलं नाही. ज्या सहा घरांची सावड फिटायची होती त्यांनी निरोपसुद्धा धाडला नाही. त्याची पोरगी लिमाहून आली होती, आणि तो तिच्याशी बोलला होता. सातुर्निनोनं एकट्यानं पहिल्या सरीला कुदळ घातली. खणायचं, मग गुडघ्यावर बसून वेचायचं, मग पोतं ओढायचं. तीन दिवसांत दोन सऱ्या झाल्या. शेतात सव्वीस होत्या. रात्री दव गोठून पांढरं व्हायचं आणि वर राहिलेल्या बटाट्यांवर काळे डाग पडायचे. दर शनिवारी तो एक पोतडं भरून लाकडांच्या पलीकडच्या दगडावर ठेवायचा आणि वर वळणाआड जाऊन थांबायचा. दोमितिला खिंडीतून उतरून यायची, पोतडं उचलायची आणि जायची. वर बघायची नाही.

जूनच्या सुरुवातीला खालून भोंगा वाजला. बटाट्याच्या व्यापाऱ्याचा ट्रक होता. घराघरांत पोती रचलेली, दोन महिने कुणी एक बटाटा विकला नव्हता. कांतो स्वतः खाली गेला, व्यापाऱ्याशी बोलला, आणि वर येऊन म्हणाला, "लाकडं काढा."

"आणि ठरलं व्हतं ते?" सातुर्निनोनं विचारलं.

"माणसांचं ठरलं व्हतं. ट्रकला काय ताप येतोय?"

लोक हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. लाकडं हलवायला सहा जण लागले, त्यांत एक सातुर्निनो. दुसऱ्या बुंध्याला खांदा अन्सेल्मोचा होता. ट्रक वर चढला. ड्रायव्हर ढेरपोट्या, गोष्टीवेल्हाळ. गळ्यात मास्क लटकलेला. लिमातल्या गोष्टी सांगत त्यानं कांतोच्या अंगणात मेंढीचा रस्सा खाल्ला, मक्याची दारू सगळ्यांनी एकाच वाडग्यातून फिरवली. मधूनच तो खोकायचा आणि म्हणायचा, "तुमच्या हितली धूळ लई."

मुक्काम शाळेत केला, आणि सकाळी भरलेला ट्रक गेला. लाकडं परत जागेवर आली.

दहा दिवसांत कांतोची आई गेली. मग शाळेशेजारची दोन घरं. मग माउरो. आता दारं आतून लागली. चर्चची घंटा वाजवायला कुणी जाईना. लोक म्हणत होते, खाणीच्या शेडमधून वारा खाली येतो, त्यातून आलं. हे सातुर्निनोनं पाणवठ्यावर ऐकलं. बोलणाऱ्या बाईच्या अंगावर धावून जावं असं त्याला वाटलं, पण त्याच्याच पायांत जोर राहिला नव्हता. घडा तिथंच ठेवून तो भिंती धरत घरी आला आणि आडवा झाला.

चार दिवस त्याच्या मेंढ्या कोंडवाड्यात ओरडत होत्या. पाचव्या दिवशी त्यांचाही आवाज बसला.

त्या शनिवारी दगडावर पोतडं नव्हतं. दोमितिला दुपारपर्यंत थांबली आणि परत गेली. रविवारी सकाळी दोघी मायलेकी खाली आल्या. पहाऱ्यावर अन्सेल्मो एकटाच होता. बाकीचे पडले होते.

"तो कुठाय?" दोमितिलानं विचारलं.

"पडलाय."

"जित्ता हाय का?"

"मला काय ठावं? कुणी आत जात न्हाई."

"सोड आम्हाला."

"कुणालाच सोडायचं न्हाई, असं ठरलंय," अन्सेल्मो म्हणाला. "कोण बोललं व्हतं तेही तुला ठावं हाय."

नेलिदा पुढं झाली. "काका, आम्ही दोघी धडधाकट हाय. आजार आत हाय. तुम्ही आम्हाला कशापासनं अडवताय?"

 अन्सेल्मो लाकडावर बसून राहिला. दोमितिलाही पलीकडं भुईवर बसली. ऊन चढलं. कड्यावरून एक दगड सुटून दरीत गेला, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"त्या दिवशी तुझी सून आलीय हे मला वर कळलं व्हतं," दोमितिला म्हणाली. "मी दारात उभी व्हते. पाण्याचा तांब्या घेऊन यावं असं वाटलं. न्हाई आले. नवरा काय म्हणंल, असं वाटलं."

अन्सेल्मो खाली बघत होता.

"एवढंच सांगायचं व्हतं," ती म्हणाली. "त्यासाठी सोड म्हणत न्हाई."

दुपार कलली. अन्सेल्मो उठला, घोंगडी झटकली. "माझी पाळी सरली," तो म्हणाला. पाळी संध्याकाळपर्यंत होती. मागं न बघता तो चढण चढून गेला. दोघी लाकडांवरून अलीकडं उतरल्या.

सातुर्निनो आपल्याच घाणीत पडला होता. ओठ निळे, छाती भात्यासारखी. दोमितिलानं त्याला पालथा वळवला, धुतला, निलगिरीचा पाला उकळून वाफ दिली, चमच्यानं पेज पाजली. नेलिदाला तिनं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. "तू मेंढ्या बघ, तू शेत बघ," म्हणाली. नवव्या दिवशी तो भिंतीला टेकून बसला. बाराव्या दिवशी दोमितिला पाणी आणताना मध्येच खाली बसली.

ती चार दिवसांत गेली. भर दुपारी, ऊन दारातून आत आलेलं असताना. शेवटी तिला काही बोलायचं होतं, पण श्वास पुरला नाही. तिचा हात सातुर्निनोच्या मनगटावर होता. तो हात दाबत होता की ढकलत होता, हे त्याला कळलं नाही.

कांतोनं लांबून ओरडून सांगितलं, जागरण नको, वाजंत्री नको, आजच पुरा. बापलेकीनं तिला घोंगडीत गुंडाळून उचललं. दर दहा पावलांवर सातुर्निनोला खाली ठेवावं लागायचं. तो उभा राहून तोंडानं हवा ओढायचा आणि नेलिदा आईचे पाय धरून वाट बघायची. गावातून जाताना एकेक दार लागत गेलं. स्मशानात खड्डा आधीच खणलेला होता. कुणी खणला, ते विचारायला तिथं कुणी नव्हतं.

राहिलेल्या सऱ्या नेलिदानं खणल्या. गोठून काळवंडलेले बटाटे तिनं गवतावर पसरले, सकाळी अनवाणी पायांनी तुडवून त्यांतलं पाणी काढलं आणि वर्षभर टिकावेत म्हणून उन्हात वाळवले. घोट्यापर्यंत तिचे पाय लाल व्हायचे. सातुर्निनो बांधावर बसून बघायचा. उठून दोन पोती सरकवली तरी त्याला धाप लागायची. ती त्याला जेवायला वाढायची, अंथरूण घालायची. बोलायची नाही असंही नाही. मेंढीला जुळं झालं, मीठ संपलं, एवढं बोलायची.

ऑगस्टमध्ये रस्ते सुरू झाले. एका सकाळी ती म्हणाली, "मालकिणीनं बोलावलंय परत."

"त्याच बाईनं?"

"तिनंच. म्हणते, एव्हाना तुला होऊन गेलं असंल तर बरंच. आता घरात भीती न्हाई."

 सातुर्निनो म्हणाला, "पिशवी मी घेतो."

"झेपणार न्हाई तुला," ती म्हणाली आणि पिशवी स्वतःच उचलली.

तरी तो तिच्याबरोबर वळणापर्यंत गेला. लाकडं केव्हाच रस्त्याकडेला लोटली होती. कुणी सरपणासाठी एकाचा अर्धा तुकडा करवतून नेला होता. खालून प्रवासी गाडी आली, धुरळा उडवत थांबली. मागच्या फळीवरून आधी एक गडी उतरला, पाठीवर पातेली. मग बाई. विल्बेर आणि योवाना. तालुक्यातून त्यांना आता सोडलं होतं.

विल्बेरनं सातुर्निनोला बघितलं आणि न थांबता चालू लागला. योवाना थांबली. ती वाळून निम्मी झाली होती. रीत होती म्हणून तिनं टोपी काढली.

"धर्मबाबा, बरे हाय का?"

"हाय," तो म्हणाला.

नेलिदा गाडीवर चढत होती. योवानानं तिच्याकडं बघितलं, मग इकडं-तिकडं बघितलं. "आणि धर्मआई? पोरगी निघाली आणि त्या आल्या न्हाईत?"

"ती गेली. जुलैत."

 योवानाच्या तोंडावर राग नव्हता, टोमणा नव्हता. खरंच विचारावं तसं तिनं विचारलं, "घरात गेल्या ना? छपराखाली?"

"व्हय."

"बरं झालं," ती म्हणाली.

तिनं टोपी डोक्यावर घातली, बोचकं पाठीला बांधलं आणि नवऱ्याच्या मागं चढणीला लागली. गाडीनं वळसा घेतला. नेलिदा फळीला धरून उभी होती, तोंड खालच्या रस्त्याकडं. धुरळा खाली बसेपर्यंत सातुर्निनो तिथंच थांबला. मग तोही वर निघाला, वीस पावलं चालून थांबत, पुन्हा वीस पावलं.